चार बोटांचा उंबरा

दवाखाना बांधतात उभी माणसं आणि वापरतात आडवी माणसं. माझ्या धंद्यातली सगळी अक्कल या एका वाक्यात संपते. ती मला कॉलेजात मिळाली नाही. कॉलेजात मी गेलो तो फक्त तिथली गळकी छपरं दुरुस्त करायला. सांगलीत कुपवाडच्या रस्त्याला एक दवाखाना आहे. त्याच्या दारात संगमरवरी दगड आहे आणि दगडावर पुण्याच्या एका आर्किटेक्टचं नाव. माझं नाव नाही. ते राहू द्या, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. आता सत्तरी उलटली, राहू कशाला द्यायचं? त्या दाराची गोष्ट मी सांगणार आहे, कारण ती मला एकट्यालाच पुरती ठाऊक आहे. ती मला शोभणारी आहे की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मी मूळचा मेढ्याकडचा. वडील गवंडी. भूकंपानंतर कोयनानगरच्या वसाहतीत दुरुस्तीची कामं निघाली, तेव्हा मी तिथं मिस्त्री म्हणून लागलो. एक दिवस परांचीचा बांबू सरकला आणि मी खाली आलो. मांडीचं हाड गेलं. घाटातून जीपमध्ये घालून मला सातारला एका दवाखान्यात आणलं. घाटातली वळणं मी सोसली. दवाखान्यात पोचल्यावर वाटलं, सुटलो. मग मला चाकाच्या गाडीवर निजवलं आणि गाडी पहिल्या दाराशी आली.

दाराला उंबरा होता. सगळ्याच दारांना असतो. उभ्या माणसाला तो दिसतसुद्धा नाही, पाय आपोआप उचलला जातो. पण गाडीची चाकं लहान, लोखंडी. पुढची दोन चढली, धाडकन उतरली. मागची दोन चढली, धाडकन उतरली. माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते छापण्यासारखं नाही. पुढं अपघात विभागाचं दार, मग एक्स-रेचं, मग वॉर्डाचं. प्रत्येक दारात उंबरा आणि प्रत्येक उंबऱ्याला माझी आईबहिणीवरून शिवी.

पुढचे कितीतरी आठवडे मी छताकडं बघत पडलो होतो. दिवा बरोबर डोळ्यांवर. खिडकी इतकी उंच की बाहेरचं झाड असेल तर त्याचा शेंडासुद्धा दिसू नये. सिस्टरचं टेबल भिंतीआड, त्यामुळं हाक मारायची तर शेजारच्या चार जणांची झोप मोडायची. मावशी भांडं धुवायला वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या देखत घेऊन जायची. तिलाही लाज, ज्याचं भांडं त्यालाही लाज. माझी बायको खाटेखाली चटई टाकून निजायची आणि पहाटे झाडूवाला तिला पायाने ढोसून उठवायचा. मी मनात म्हटलं, हे सगळं बांधणाऱ्याला एकदा इथं आणून आडवं केलं पाहिजे.

पुढं स्वतःची कामं घ्यायला लागल्यावर मी तेच केलं. सांगली, मिरज, कराड, सातारा अशा गावांतून त्या काळात डॉक्टर मंडळी आपापले दवाखाने बांधू लागली होती. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खोल्यांच्या रेघा मारल्या की मी डॉक्टरला गाडीवर निजायला सांगायचो. ‘निजा साहेब. आता तुम्ही पेशंट.’ मग माझे दोन गडी त्याला फक्कीच्या रेघांमधून फिरवायचे. इथं दार, इथं वळण, इथं खाट. डॉक्टर आडवा झाला की त्याचं बोलणं बदलतं. मघाशी जो ‘खिडकी वर घ्या, धूळ येते’ म्हणत होता तो ‘मला काहीच दिसत नाही हो’ म्हणतो. कराडचा एक डॉक्टर मात्र उठून बसला आणि म्हणाला, ‘मिस्त्री, मी तुम्हाला बांधकाम दिलंय, माझी चेष्टा करायला नाही.’ मी म्हटलं, ‘मग दुसरा बघा.’ माझा स्वभाव असा. भडकायला मला कारण लागत नाही, आणि भडकल्यावर मी घासाघीस आणखी चांगली करतो.

घासाघीस मी रुपयापेक्षा फुटांवर जास्त केली. सिस्टरच्या टेबलासाठी फूटभर, तिला दार लावून घटकाभर बसता येईल अशा कोनाड्याएवढ्या खोलीसाठी चार फूट, खाटेशेजारी सोबतीच्या माणसाला निजायला कट्टा. डॉक्टर म्हणायचे, कट्टा केला की नातेवाईक मुक्काम ठोकतील. मी म्हणायचो, ते ठोकणारच आहेत, तुम्ही फक्त त्यांना खाली ठेवायचं का वर, एवढं सांगा.

आता सांगलीचं सांगतो.

तिथल्या डॉक्टरांचं नाव नेमगोंडा, आई त्यांना नेमू म्हणायची. जैन शेतकरी घराणं, उसाची जमीन. दवाखाना बांधायचा होता तो तुकडा आईच्या नावावर होता. त्यांना सगळे अव्वा म्हणत. कानडी मुलखाकडच्या माहेराहून आलेली बाई, अंगाने किरकोळ, आवाज मात्र मळ्याच्या त्या टोकाला पोचणारा. अव्वांची थोरली लेक बाळंतपणात बैलगाडीतच गेली होती, मिरजेच्या वाटेवर. ‘जिथं तिला पोचता आलं न्हाई, ते मी वाटंवरच बांधणार,’ असं त्या म्हणायच्या. म्हणून जमीन दिली, आणि म्हणून रोज येऊन बांधकामावर बसायच्या.

आर्किटेक्टने नकाशात दारापुढं ऐटदार पायऱ्या काढल्या होत्या. त्या मी भांडून काढल्या आणि उतार केला. दाराची चौकट आली तेव्हा मी सुताराला सांगितलं, खालचं लाकूड नको. सुतार हातातला पटाशी-हातोडा ठेवून उभा राहिला.

‘मालक, चौकटीला चार लाकडं. तीनच ठेवली तर ती तिकट झाली, अशुभ.’

‘तिकट तर तिकट. बसव.’

‘मी न्हाई बसवायचा. अव्वास्नी इचारा.’

अव्वा उसाच्या बांधावरून आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, ‘मेस्त्री, तुमच्या घराला उंबरा हाय?’

‘आहे.’

‘मग माझ्या घराला का नगं?’

‘हे घर नाही अव्वा, दवाखाना आहे. गाडी आदळते. पेशंटला कळ लागते. विश्वास नसला तर निजून बघा गाडीवर, मी फिरवतो.’

‘मला उचलायची येळ आजून आली न्हाई,’ त्या म्हणाल्या. माझे गडी हसले. मग त्यांनी चार बोटं आडवी धरली. ‘एवढा उंबरा.’

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, तो मी लहानपणापासून बघितलेला. पण तिथं बोट म्हणजे किंमत. इथं बोट म्हणजे उंची. मी मूठ मिटून दाखवली. त्यांनी तीन बोटं केली. मी पुन्हा मूठ. त्यांनी दोन केली आणि म्हणाल्या, ‘दोन बोटांनी कुणाचं काय मोडतंय वो?’

‘माझं मोडलेलं हाड विचारा.’

त्या एका बोटावर आल्या आणि थांबल्या. एक बोट तसंच धरून उभ्या. मला ठाऊक होतं की त्याच्याखाली त्या येणार नाहीत. मी पण येणार नव्हतो. मग मला युक्ती सुचली. मी म्हटलं, ‘अव्वा, उंबरा ठेवू. सागवानी, चांगला रुंद. पण जमिनीच्या पोटात. फरशीच्या पातळीत बसवतो. चौकटीला चार लाकडं झाली आणि गाडीला शून्य बोटं.’

त्यांनी ते एक बोट मिटलं. ‘मी पूजा करीन त्येची. रोज.’

‘करा की.’

सौद्यात जे आपल्याला फुकटचं वाटतं ते आपण हसत देऊन टाकतो. मी ते तसंच दिलं. लाकडाला खालून डांबर मारलं, शहाबादी फरशी कापून त्यात बसवलं, वरून रंधा फिरवला. बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. आर्किटेक्ट येऊन बघून गेला आणि म्हणाला, ‘व्हेरी गुड.’ पुढं तो पाहुण्यांना तेच दार आपली कल्पना म्हणून दाखवायचा, हे मला त्याच्याच ड्रायव्हरने सांगितलं.

दवाखाना सुरू झाला. अव्वा रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन येत, उंबऱ्यावर पाणी शिंपडत, हळदीकुंकू वाहत, दोन्ही कडांना रांगोळीची रेघ काढत. मग आत जात आणि बायकांच्या वॉर्डात बसत. हे त्यांचं काम कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. बाळंतपणाला आलेल्या पोरींच्या कट्ट्यावर बसून त्या त्यांचा हात धरत. काही सांगत नसत फारसं. एखादी कळांनी ओरडायला लागली की ‘वरड, लय वरड, हितं सासू न्हाई तुझी,’ म्हणत. सिस्टर मला एकदा म्हणाली, ‘अव्वा बसल्या असल्या की मला वॉर्डात निम्म्या हाका कमी येतात.’ दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्या घरी जात, तेव्हा वॉर्डातल्या बायका खिडकीतून त्यांना जाताना बघत. खिडक्या मी खाली घेतल्या होत्या, म्हणून निजल्या निजल्या दिसायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा. खिडक्यांचा.

मागची बाजू अजून बांधायची होती, म्हणून मी तिथंच असे. एका सकाळी कुपवाडच्या फाउंड्रीतून एका कामगाराला आणलं. पस्तिशीचा गडी, नडगीवर साचा पडलेला. दगडू वॉर्डबॉय आणि त्याचा जोडीदार गाडी ढकलत दारापर्यंत आले आणि थांबले. मी बघत होतो. दोघांनी गाडीचा पुढचा भाग उचलला, उंबऱ्यावरून पलीकडं नेला आणि ठेवला. ठेवला कसला, टाकला; वजन पेलेना. तो गडी किंचाळला. मग मागचा भाग उचलला. पुन्हा तेच. पातळीत बसवलेल्या लाकडावरून, जिथं बोटाला सांधा लागत नाही, तिथून ती दोन माणसं गाडी उचलून नेत होती. आणि त्या किंचाळण्यातही तो गडी कुंकवाकडं बघून हात जोडायला बघत होता.

‘अरे दगड्या! काय चाललंय? चाक टेकव खाली!’

‘मालक, हळदीकुंकवावरनं चाक कसं घालायचं?’ दगडू म्हणाला. ‘आमालाबी पोरंबाळं हायेत.’

‘रोज असंच नेता?’

‘रोजच की. तुमी मागल्या अंगाला असता.’

माझ्या डोक्यात काय गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी ज्या एका गोष्टीसाठी या धंद्यात पडलो ती गोष्ट माझ्याच दारात रोज होत होती, आणि साध्या उंबऱ्यापेक्षा वाईट होत होती. साधा उंबरा निदान गाडी चढवून उतरवतात, इथं ती हवेत धरून सोडत होते. मी तडक बायकांच्या वॉर्डात गेलो. अव्वा एका पोरीजवळ बसल्या होत्या. डॉक्टर पलीकडच्या खाटेशी नाडी बघत उभे होते.

‘अव्वा, पूजा बंद करा.’

‘का?’

‘लोक गाडी उचलून नेतात. कुंकवावर चाक घालत नाहीत.’

‘मग मी उचला म्हणून सांगिटलं व्हय त्यास्नी? सौदा झालाय मेस्त्री. उंबरा तुमी म्हनला तसा, पूजा मी म्हनली तशी.’

‘सौद्यात माणसं आदळायचं ठरलं नव्हतं.’

‘आवं, हळू बोला. पोरी निजल्यात.’

‘हळू कशाला? तुमच्या चिमूटभर कुंकवापायी बाहेर एक माणूस ढोरासारखा ओरडतोय, तो ऐकू येत नाही का तुम्हाला? लेकीसाठी बांधलं म्हणता. तिला याच दारातून आणली असती तर तिलाही असंच आपटलं असतं!’

डॉक्टर नाडी धरून तसेच उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मला गप्प बसा म्हणायचं होतं, किंवा आईला माझं म्हणणं बरोबर आहे म्हणायचं होतं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. ते काहीच बोलले नाहीत. माझी त्यांच्याविषयीची तक्रार तिथं सुरू होते आणि ती अजून संपलेली नाही.

अव्वा उठल्या. पोरीचा हात तिच्या पोटावर ठेवला, पांघरूण सारखं केलं आणि दारापाशी आल्या. त्या कामगाराची गाडी अजून दाराआतल्या व्हरांड्यातच होती. एक्स-रेला न्यायला पुन्हा याच दाराने बाहेर काढून पलीकडच्या खोलीत न्यायची होती. अव्वा खाली बसल्या. पदराच्या टोकाने हळदीकुंकू पुसलं, रांगोळीची रेघ पुसली. मग उभं राहून त्या लाकडावर उजवा पाय ठेवला, डावा ठेवला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

‘दगडू, बघ रं. मी पाय दिलाय. काय व्हायचं ते मला हुईल. आता आन गाडी.’

त्या बाजूला झाल्या. दगडूने गाडी ढकलली. चाकं लाकडावरून गेली, नुसता खर्र असा आवाज आला. तो गडी ओरडला नाही. त्याने डोळे मिटून घेतले होते, आदळायची वाट बघत. मग त्याने ते हळूच उघडले. तेवढ्या क्षणासाठी मी आयुष्यभर राबलो होतो, आणि मला त्याच्याकडं नीट बघतासुद्धा आलं नाही. अव्वा उतारावरून खाली चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण आत आल्या नाहीत. आवारातल्या बाकावर बसल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी जाऊन म्हटलं, ‘अव्वा, आत चला. बायका विचारतात.’

‘पुजलेलं तुडवलं मेस्त्री. आता त्येच्यावरनं कुठल्या पायानं जाऊ?’

‘लाकूड काढून टाकतो. फरशी बसवतो. मग उंबराच राहणार नाही.’

‘मग ते घर बी ऱ्हाणार न्हाई. दवाखाना हुईल.’

‘अव्वा, तो दवाखानाच आहे!’

‘तुमचा,’ त्या म्हणाल्या. ‘मी घर बांधत हुते.’

मी दुसरं दार पाडून देतो म्हटलं. खिडकीखाली बाहेरून कट्टा बांधतो म्हटलं, तिथून बसून बोलता येईल. मी देत गेलो आणि त्या नको म्हणत गेल्या. समोरचा काही मागतच नसेल तर घासाघीस कशी करायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं त्या आवारात यायच्याही बंद झाल्या. सिस्टर म्हणाली, वॉर्डात हाका वाढल्यात. डॉक्टर मला म्हणाले, ‘शेलार, तुम्ही माझ्या आईला बाहेर काढलंत.’ मी म्हटलं, ‘तुम्ही तिथंच उभे होता, डॉक्टर.’ वरच्या मजल्याचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. आमचं बोलणं तुटलं.

चाकाच्या बाबतीत माझं बरोबर होतं. हे मी आजही कुणाही समोर म्हणेन. त्यानंतर मी बांधलेल्या एकाही दवाखान्याच्या दारात लाकूड नव्हतं, आणि माझं बघून इतरांनीही तसंच केलं. पण सोबतीला कट्टा, सिस्टरला खोली, आडव्या माणसाला खिडकी, हे सगळं मोजून मापून देणाऱ्या मला त्या बाईची बसायची जागा नकाशात कधी दिसली नाही. ती कट्ट्यावर नव्हती, खाटेशेजारीही नव्हती. ती कुठं होती ते मला अजून काढून दाखवता येत नाही.

काही वर्षांनी डॉक्टरांचा निरोप आला. स्वतः आले नाहीत, दगडूला पाठवलं. अव्वांच्या छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात नेणं भाग होतं आणि त्या घरातून हलायला तयार नव्हत्या. ‘सायेब म्हनले, अव्वा तुमचं ऐकतील. तुमीच सौदा करा,’ दगडू म्हणाला.

मी गेलो. डॉक्टर हातात औषधांची बॅग घेऊन पडवीत उभे होते. आम्ही एकमेकांना नमस्कार केला नाही. आत अव्वा उशांना टेकून बसल्या होत्या, श्वास आखूड झालेला. माझ्याकडं बघून हसल्या.

‘कितीला ठरवून आलास?’ म्हणाल्या. मला त्यांनी ‘तू’ म्हटलेलं ते पहिल्यांदाच.

‘अव्वा, चला. मागच्या अंगाने नेतो. तिथं माझ्या हातची भिंत आहे, उद्या सकाळपर्यंत दार पाडतो. उंबरा घालतो. म्हणाल तेवढ्या बोटांचा घालतो.’

‘आन मग माझी गाडी आदळू दे व्हय?’

मी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याकडं बघितलं.

‘मी हिथनं हलत न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘पर तू रिकामा जाऊ नगंस. मी मागते ते देशील?’

‘मागा.’

‘घटकाभर बस. बोलू नगंस काय.’

मी खाटेशेजारी बसलो. इतके दवाखाने बांधले, पण कुणाच्या खाटेशी असा मी कधी बसलो नव्हतो. पेशंट म्हणून पडलो होतो किंवा टेप घेऊन उभा राहिलो होतो. हातांचं काय करायचं ते कळेना. शेवटी त्यांनीच माझा हात ओढून आपल्याजवळ घेतला आणि डोळे मिटले. बाहेर उसाच्या पाटाला पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. त्यांना झोप लागली की नाही, सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने त्यांची बोटं सैल झाली, तेव्हा मी हात सोडवून घेतला आणि पडवीत आलो.

‘काय ठरलं?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘काही नाही. त्या येत नाहीत.’

‘मग आता?’

‘ती बॅग इथं ठेवा,’ मी म्हटलं. ‘आत जाऊन नुसते बसा.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडण होणार. मी तयारही होतो. पण त्यांनी बॅग पडवीतल्या खुर्चीवर ठेवली, पायातल्या चपला काढल्या आणि आत गेले. आतून अव्वांचा आवाज आला, ‘नेमू, तू हाईस व्हय?’ मग खाट करकरली, ते बसले असावेत.